मेंबरशिपचं सर्टिफिकेट म्हणजे लायसन्स नाही

मागच्या महिन्यात एक जोडपं पाच वर्षांच्या मुलाला घेऊन आलं. राहायला सोलापूरच्या अशोक चौकाच्या पलीकडे, वडील टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारे, आई घरी विड्या वळते. मुलगा चमचा धरत नाही, शर्टाचं लेबल मानेला टोचलं की किंचाळत सुटतो, बालवाडीत दोन मिनिटं एका जागी बसत नाही. फाईल उघडली तर आत सहा महिन्यांच्या पावत्या, प्रत्येक पावतीवर 'ओ.टी. सेशन', म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीचं, असा शिक्का, खाली सही, आणि सहीखाली काहीच नाही, ना नीट नाव, ना डिग्री, ना रजिस्ट्रेशन नंबर. मी विचारलं की तिथे कोण बघत होतं, शिक्षण काय त्यांचं, तेव्हा वडिलांनी खिशातून मोबाईल काढला.

"सर्टिफिकेट बघूनच गेलतो की मॅडम. फोटो काढून ठेवलाय बघा."

फोटो मोठा करून बघितला. सोनेरी काठाची फ्रेम, वर गोल शिक्का, आणि आत काय तर कुठल्यातरी संघटनेचं सभासदत्वाचं प्रमाणपत्र. ह्या ह्या व्यक्तीने वर्गणी भरली असून ती आमची सभासद आहे, एवढाच त्याचा अर्थ. त्यात खोटं काहीच नव्हतं आणि मला जास्त त्रास त्याचाच झाला, कारण खोटं सर्टिफिकेट असतं तर तक्रार तरी करता आली असती. त्या माणसाने दोन पाळ्या करून पैसे भरले, भिंतीवर काय लावलंय ते स्वतः जाऊन वाचलं, फोटो काढला, यापेक्षा जास्त त्याने काय करायला पाहिजे होतं?

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे जेवणं, कपडे घालणं, हाताने काम करणं अशी रोजची कामं माणसाला जमावीत म्हणून उपचार करते. मुंबईत शिकले आणि सोलापूरला परत आले. आमच्या व्यवसायात कुणाला काय म्हणायचं, कुणी काय करायचं आणि ते लोकांना कसं कळायचं हा प्रश्न आता आपल्यापुरता, म्हणजे कॉन्फरन्समधे चहा पिताना बोलण्यापुरता ठेवून चालणार नाही असं मला फार मनापासून वाटतं, म्हणून हे लिहितेय.

आधी साधी गोष्ट. कोर्टाची पायरी ज्याने चढलीये त्याला हे लगेच कळेल. वकिलाची सनद बार कौन्सिल देते, ती नसेल तर कोर्टात उभं राहता येत नाही. आणि शहरातली बार असोसिएशन असते ती वकिलांची संघटना, तिचं मेंबर व्हायचं, निवडणूक लढवायची, लायब्ररी वापरायची. उद्या कुणी असोसिएशनचं ओळखपत्र दाखवून म्हणाला की हीच माझी सनद, तर पक्षकार सोडा, कँटीनवाला पण ऐकून घेणार नाही. डॉक्टरांचंही तसंच, मेडिकल कौन्सिलचा नंबर वेगळा आणि आयएमए या डॉक्टरांच्या संघटनेची मेंबरशिप वेगळी. आमच्याकडे मात्र ही दोन कागदं इतकी एकमेकांत मिसळलीत की खुद्द थेरपिस्टसुद्धा लेटरहेडवर दोन्ही एकाच ओळीत छापतात, आणि वाचणाऱ्याला वाटतं जेवढी अक्षरं जास्त तेवढा माणूस मोठा.

असं का झालं याला इतिहास आहे. कमला निंबकर, मूळच्या अमेरिकन, लग्न करून इकडच्या झाल्या, त्यांनी १९५० मधे मुंबईत केईएम हॉस्पिटलला ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं, आशियातली पहिली शाळा तीच मानतात. १९५२ ला ऑक्युपेशनल थेरपिस्टांची अखिल भारतीय संघटना उभी राहिली आणि त्याच वर्षी त्यांचं जागतिक फेडरेशन स्थापन झालं त्याच्या दहा संस्थापक देशांमधे भारत होता. हे वाचताना मला आजही अंगावर शहारा येतो. पण बघा, महाराष्ट्रात व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) आणि भौतिकोपचार (फिजिओथेरपी) परिषदेचा, म्हणजे सरकारी रजिस्टर ठेवणाऱ्या संस्थेचा, कायदा आला तो २००२ चा. म्हणजे मधली पन्नास वर्षं सरकारी रजिस्टर असं काही नव्हतंच, मग 'हा खरा थेरपिस्ट आहे' हे सांगणारा कॉलेजच्या डिग्रीशिवाय दुसरा कागद म्हणजे संघटनेची मेंबरशिप. दोन पिढ्यांना सवयच लागली, मेंबर आहे ना, मग झालं. संघटनेने त्या काळात ती जबाबदारी पेलली म्हणून व्यवसाय टिकला, त्याबद्दल मला आदरच आहे. पण परिषद आल्यावर ती सवय सुटायला हवी होती, ती सुटली नाही, आणि आमचा अभ्यासक्रम जन्मात न बघितलेले लोक आता त्याच सवयीचा फायदा घेतायत.

त्यात नावाचा घोळ. सोलापुरात कुणालाही 'ओटी' म्हणा, त्याला ऑपरेशन थिएटरच आठवणार. मी सिव्हिलच्या आवारात एकदा एका बाईला सांगितलं की मुलाला ओटी लागेल, तर तिचा चेहराच पडला, तिला वाटलं ऑपरेशन सांगतेय. मराठीत व्यवसायोपचार म्हणावं तर लोकांना वाटतं धंदा शिकवतात की काय, शिवणकाम वगैरे. तिसरी गोष्ट म्हणजे आरसीआय, भारतीय पुनर्वसन परिषद. विशेष शिक्षक, स्पीच थेरपिस्ट, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हे तिच्या १९९२ च्या कायद्याखाली येतात, त्यांचा तिथला नंबर असतो, आणि मतिमंद किंवा ऑटिझम असलेल्या मुलांच्या पालकांना तो नंबर विचारायचा हे आता बऱ्यापैकी कळलंय. पण ऑक्युपेशनल थेरपी त्या कायद्यात येतच नाही. त्यामुळे 'मी आरसीआय रजिस्टर्ड आहे' असं सांगून कुणी ओटी करत असेल तर त्याचा नंबर खरा असू शकतो आणि तरीही ते काम करायचा अधिकार त्याच्याकडे नसतो. हे पालकांनी कसं ओळखायचं? मला सांगायलाच पाच मिनिटं लागतात.

तुम्ही म्हणाल एवढं काय बिघडतंय, झोपाळ्यावर बसवतात, बॉल खेळवतात, मूल खूश राहतं. मुलाच्या बाबतीत वेळ जातो, आणि पहिल्या पाच-सहा वर्षांतला वेळ परत मिळत नाही, एवढं तरी मान्य करा. पण हाताचं उदाहरण देते म्हणजे धोका डोळ्यांना दिसेल.

यंत्रमागावरचा एक कामगार, उजव्या हाताच्या दोन बोटांचे टेंडन कापले गेले, म्हणजे बोट मुडपायची जी दोरी असते ती. सर्जननी उत्तम शिवलं होतं. आता टेंडन शिवलं म्हणजे लगेच जुळलं असं नसतं. पहिले काही आठवडे ती शिवण कच्ची असते, आणि हात नुसता प्लास्टरमधे ठेवून दिला तर दोरी आजूबाजूला चिकटून बसते, मग बोट कधीच मिटत नाही. म्हणून आम्ही थर्मोप्लास्टिकची शीट गरम पाण्यात मऊ करून त्याच्या हाताच्या मापाची पट्टी बनवतो, मनगट आणि बोटांची मुळं थोडी वाकलेली राहतील अशी, आणि त्या पट्टीच्या आत दुसऱ्या हाताने बोट हळूच मिटवायचं आणि पट्टीला लागेपर्यंत उघडायचं एवढीच हालचाल सांगतो. साधारण सहा आठवडे मुठीत काही आवळायचं नाही, जड काम तर तीन महिन्यांपर्यंत नाही. या माणसाला तिसऱ्या आठवड्यात घराजवळच्या एका 'थेरपी सेंटर'मधे स्पंजचा बॉल दाबायला दिला, हाताला ताकद यावी म्हणून. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कट्ट असा आवाज आला म्हणे, आणि मधलं बोट सरळच राहिलं. पुन्हा ऑपरेशन, पुन्हा तीन महिने खाडा. मागावर काम करणाऱ्याला धागा तुटला की अंगठा आणि दोन बोटांनी पापणी लवायच्या आत गाठ मारता आली पाहिजे, ती गाठ त्याला आज बसत नाही, तो आता पोती उचलायच्या कामावर आहे, कमी पैशात. बॉल देणारा माणूस वाईट होता असं मी म्हणत नाही. कुठल्या आठवड्यात काय करायचं नसतं हे त्याला माहीतच नव्हतं, आणि ते माहीत नसताना त्या खुर्चीवर बसायला त्याला कुणी अडवलं नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे, की नुसतं बोगस लोकांना पकडा, सेंटर बंद करा, एवढ्याने काही होणार नाही. एक बंद केलं की दुसऱ्या गल्लीत दुसरं उघडतं, कारण गरज खरी आहे आणि आम्ही कमी आहोत. मुंबई, नागपुरात शिकलेली मुलं-मुली तिथेच राहतात किंवा बाहेरच्या देशात जातात, सोलापूरला येऊन कुमठा नाका, विडी घरकुल, कुंभारी इथपर्यंत पोचणारे किती? रिकामी जागा कायद्याने रिकामी राहत नाही. ती भरायची असेल तर रजिस्टरमधेच प्रामाणिक कॅटेगऱ्या पाहिजेत, प्रत्येकीने काय करायचं आणि काय नाही ते स्पष्ट लिहिलेलं पाहिजे, आणि त्यात मदतनीसाची, म्हणजे असिस्टंटची कॅटेगरी असलीच पाहिजे.

२०२१ चा केंद्राचा कायदा, अलाइड आणि हेल्थकेअर व्यवसायांचा राष्ट्रीय आयोग ज्याने आणला, त्यात याची वाट आहे असं मला वाटतं. त्या कायद्यात ५६ व्यवसाय आहेत, दहा गटांत, आणि ऑक्युपेशनल थेरपीला स्वतःचा वेगळा गट आहे. प्रत्येक राज्याला परिषद, राज्याचं रजिस्टर, वर केंद्राचं रजिस्टर. आणि महत्त्वाचं म्हणजे दोन पायऱ्या सांगितल्यात, एक 'अलाइड' म्हणजे किमान २००० तासांचं, दोन ते चार वर्षांत केलेलं शिक्षण, डिप्लोमा किंवा डिग्री, आणि दुसरी 'हेल्थकेअर प्रोफेशनल' म्हणजे किमान ३६०० तासांची, तीन ते सहा वर्षांची डिग्री. आमच्या व्यवसायात वरची पायरी भरलेली आहे, खालची रिकामी. अंमलबजावणी इतकी रेंगाळली की २०२४ च्या ऑगस्टमधे सुप्रीम कोर्टाला केंद्राला आणि राज्यांना दोन महिन्यांची मुदत द्यावी लागली. आणि आम्ही त्या काळात काय बोलत होतो? नावापुढे 'डॉ.' लावायचं का. २०२५ च्या सप्टेंबरात फिजिओथेरपिस्टांच्या 'डॉ.' वरून दिल्लीहून एक पत्र निघालं, दुसऱ्या दिवशी ते मागे घेतलं, आणि आठवडाभर आमच्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसरा विषय नव्हता. माझ्याकडे येणाऱ्या कुठल्याही आईने आजपर्यंत मला विचारलेलं नाही की तुमच्या नावापुढे काय आहे. त्या विचारतात, पोरगं हाताने कधी जेवेल.

असिस्टंट म्हटलं की माझ्याच क्षेत्रातले लोक चिडतात, आणि त्यांचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. ते म्हणतात, आम्ही साडेचार वर्षं घालवून डिग्री घेतली आणि आता दोन वर्षांचा डिप्लोमावाला येऊन हॉस्पिटलला स्वस्तात मिळणार, मग आम्हाला कोण ठेवणार? शिवाय डिप्लोमा झाला की तो उद्या स्वतःचं सेंटर टाकणार, आणि पुन्हा तोच प्रकार. दोन्ही भीती खऱ्या आहेत. हॉस्पिटलचे मालक काय करतील हे मला माहीत आहे, मी नोकरी केलीये.

पण आज काय चाललंय ते तरी बघा. असिस्टंट आजही आहेत. प्रत्येक सेंटरमधे एक-दोन 'ताई' असतात, मुलांना सेशन त्याच देतात, थेरपिस्ट आठवड्यातून एकदा येऊन बघतो, कधी तेही नाही. फक्त त्यांना नाव नाही, शिक्षण नाही, पगाराला खालची मर्यादा नाही, आणि चूक झाली तर जबाबदार कोण ते कागदावर नाही. म्हणजे तुम्हाला जी भीती वाटतेय ती गोष्ट कधीच घडून गेलीये, आपण तिच्याकडे बघत नाही एवढंच. अमेरिकेत १९५० च्या दशकाच्या शेवटाला असिस्टंटची पायरी तयार झाली, आज तिथे दोन वर्षांचं शिक्षण, परीक्षा आणि राज्याचं लायसन्स असतं, आणि नियम असा की पेशंटचं मूल्यमापन आणि उपचाराची दिशा थेरपिस्टने ठरवायची, असिस्टंटने त्याच्या देखरेखीखाली काम करायचं. आपण तेच जसंच्या तसं उचलावं असं नाही. पण तीन गोष्टी मला तडजोड न करता पाहिजेत. पहिली तपासणी आणि प्लॅन थेरपिस्टचाच. असिस्टंटच्या रजिस्ट्रेशनमधे ज्याच्या देखरेखीखाली तो काम करतो त्या थेरपिस्टचा नंबर जोडलेला, आणि एका थेरपिस्टखाली किती असिस्टंट याला मर्यादा, नाहीतर एकाच सहीवर वीस सेंटर चालतील. आणि पावतीवर दोघांचे नंबर. त्या जॉबरच्या फाईलमधे असे दोन नंबर असते तर मला आज हे लिहावंच लागलं नसतं.

स्वस्तात माणसं ठेवण्याचं उत्तर पण यातच आहे, कारण थेरपिस्टशिवाय असिस्टंटचं रजिस्ट्रेशनच चालू राहत नसेल तर मालकाला थेरपिस्ट ठेवावाच लागेल. आज त्याला कुणालाच ठेवावं लागत नाही.

आणखी दोन कॅटेगऱ्यांबद्दल थोडंसं. ऑस्ट्रेलियात रजिस्ट्रेशन पूर्ण, तात्पुरतं, मर्यादित आणि प्रॅक्टिस न करणाऱ्यांसाठीचं अशा प्रकारांत असतं. हे शेवटचं आपल्याकडे फार गरजेचं आहे. माझ्या बॅचच्या कितीतरी मुली लग्न, बाळंतपण, सासू-सासऱ्यांचं आजारपण यात सात-आठ वर्षं थांबल्या, आणि आता परत यायचं तर मधे काहीच पायरी नाही, एकतर एकदम पूर्ण काम सुरू करा नाहीतर घरी बसा. त्यांना 'सध्या प्रॅक्टिस नाही' म्हणून नाव राखता यावं आणि परत येताना ठरावीक तास कुणाच्यातरी हाताखाली काम करून पूर्ण रजिस्ट्रेशन मिळावं. हुशार बायका आहेत हो त्या, आणि बऱ्याच जणी अशाच बार्शी, पंढरपूरसारख्या गावांत सासरी आहेत, जिथे थेरपिस्ट सहसा मिळत नाही तिथे.

राहिली मेंबरशिप. संघटना पाहिजेच, ती नसेल तर सरकारदरबारी आमचं कोण बोलणार? मानसिक आरोग्याच्या २०१७ च्या कायद्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, नर्स, समाजसेवक यांची नावं घेतली आहेत, ऑक्युपेशनल थेरपिस्टचं नाही, आणि मनोरुग्णांसोबत आमचं काम या व्यवसायाच्या जन्मापासूनचं आहे. हे भांडण संघटनेनेच करायचं, परिषद ते करणार नाही, तिचं काम जनतेच्या बाजूने आमच्यावर लक्ष ठेवण्याचं आहे. तेव्हा मेंबरशिपच्या कॅटेगऱ्या हव्या तेवढ्या सैल ठेवा, विद्यार्थी घ्या, निवृत्त घ्या, असिस्टंट घ्या, पालकांनासुद्धा सहयोगी म्हणून घ्या, त्यांच्याइतकं तळमळीने कुणी बोलत नाही. पण आपल्या क्षेत्रातल्या प्रत्येक संघटनेने, लहान असो की मोठी, सर्टिफिकेटवर मराठीत ठळक अक्षरांत छापावं, 'हा व्यवसायाचा परवाना नाही'. एक ओळ. खर्च शून्य. आणि परिषदेचं रजिस्टर असं असावं की विडी कामगार बाईच्या मुलीने मोबाईलवर नाव टाकलं की मराठीत दिसेल, हे कोण, कुठल्या कॅटेगरीत, नूतनीकरण झालंय का. सोलापूरच्या पूर्व भागात तर तेलुगूत पण पाहिजे, अक्कलकोटकडच्या लोकांसाठी कन्नडमधे.

आमच्याकडे एक ताई आहेत, आठ वर्षं माझ्यासोबत. पद्मशाली कुटुंबातल्या, शिक्षण बारावी, तेलुगू घरची, कन्नड शेजारची, मराठी शाळेची. नवीन आई आली, घाबरलेली, तर मी तोंड उघडायच्या आत ताई तिच्याशी तेलुगूत बोलायला लागतात आणि ती बाई खुर्चीत टेकून बसते. मूल चमचा कसा धरतंय हे त्या माझ्या आधी बघतात. मी कित्येक वेळा सांगितलंय की तुम्ही शिका, आणि त्या विचारतात, काय शिकू मॅडम, कोर्स कुठला? मला उत्तर देता येत नाही.

परवा मुलीच्या कॉलेजच्या कर्जासाठी बँकेचा फॉर्म भरत होत्या. व्यवसाय या रकान्यापाशी पेन थांबलं. मला विचारलं, इथं काय लिहू. मी म्हटलं थेरपी असिस्टंट लिहा. बँकेतल्या साहेबांनी विचारलं, त्याचा काही नंबर, काही कागद आहे का. नव्हता. घरी येऊन त्यांनी दुसरा फॉर्म भरला आणि त्यात 'गृहिणी' लिहिलं.